माइकपासून बॉक्सपर्यंत: छोट्या साऊंड सिस्टिमच्या जोडण्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भजनी मंडळं, सोसायटीचे गणेशोत्सव, शाळेची स्नेहसंमेलनं, गावातल्या हौशी नाटक मंडळ्या अशा बऱ्याच जणांकडे आता स्वतःचा साऊंड असतो. आठ-बारा चॅनलचा मिक्सर, दोन बॉक्स (म्हणजे स्पीकर), चार-सहा माइक. सामान साधारण बरंच असतं. घोळ होतो तो जोडताना. तिथून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात दडलेलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माइकमध्ये बोललेलं बॉक्समधून बाहेर पडेपर्यंत मधे नेमकं काय काय होतं?

माइक आवाजाची वीज करतो, पण ती अगदी नगण्य असते, काही मिलिव्होल्ट. मिक्सरच्या चॅनलवरचा गेन ती वाढवून साधारण एक व्होल्टच्या आसपास आणतो. मग लो-कट (खालचा घुमारा कापणारं बटण), ईक्यू (खर्ज-तार कमीजास्त करणारी बटणं), फेडर (चॅनलचा आवाज ठरवणारी सरकपट्टी) असा प्रवास करत ती मास्टरला, म्हणजे सगळे चॅनल एकत्र येतात तिथे, पोचते. मिक्सरच्या बाहेर पडते तीही याच पातळीवर. अ‍ॅम्प तिला ताकद देतो आणि बॉक्सच्या वायरमधून दहा-वीस-चाळीस व्होल्ट धावू लागतात. ८ ओहमच्या बॉक्सला २०० वॉट देताना त्या वायरवर ४० व्होल्ट असतात.

म्हणजे पातळ्या तीन: माइकची, लाइनची (ती एक व्होल्टच्या आसपासची) आणि स्पीकरची. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हातात आलेल्या प्रत्येक वायरबद्दल ‘हिच्यातून यातली कुठली पातळी जाते?’ हे विचारायची सवय लावून घ्या. खालचे निम्मे प्रश्न त्यातच सुटतात.

२. पिन बरोबर बसते, तरी आवाज फाटतो किंवा येतच नाही. पिन बसली म्हणजे जोडणी बरोबर ना?

नाही. जाडी पी-३८ पिनच (पाव इंची जॅक) घ्या. गिटारचा कमकुवत सिग्नल तिच्यातून जातो, कीबोर्डचा लाइन सिग्नल जातो, हेडफोन तिच्यावर चालतो, मिक्सरचा इन्सर्ट (बाहेरचं यंत्र मधे जोडायचं टोक) तिच्यावर असतो, आणि जुन्या अ‍ॅम्पना तर बॉक्सही तिच्यावरच लागतो. बाहेरून सगळ्या पिना जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. लाइनचा सिग्नल माइकच्या इनपुटला दिला तर गेन शून्यावर ठेवूनही आवाज फाटू शकतो. माइक लाइन इनपुटला लावला तर फेडर टोकाला नेऊनही कुजबूजच येते. आणि अ‍ॅम्पचं स्पीकर आउटपुट मिक्सरमध्ये खुपसलं तर बहुधा मिक्सर दुरुस्तीलाच जातो.

वायरचंही तसंच. गिटारची वायर आणि बॉक्सची वायर दोन्हींना पी-३८ असली तरी आत फरक आहे. गिटारच्या वायरमध्ये बारीक तार आणि तिच्याभोवती जाळी असते. ती बॉक्सला लावली तर गरम होते आणि ताकद वाटेतच जाते. बॉक्सच्या वायरमध्ये नुसत्या दोन जाड तारा असतात, जाळी नसते. ती गिटारला लावली की गुणगुण ठरलेली. आमचा सल्ला: वायर घेतल्या दिवशीच तिच्यावर रंगीत टेप गुंडाळा. लाल म्हणजे बॉक्स, बाकी काहीही चालेल.

३. एक्सएलआरच का वापरा म्हणतात? पी-३८ने पण माइक चालतो की.

चालतो, वायर छोटी असेपर्यंत. एक्सएलआरमध्ये तीन पिना असतात: १ नंबर जाळीची, २ नंबर सुलट सिग्नलची, ३ नंबर त्याच सिग्नलच्या उलट्या प्रतीची. वाटेत ट्यूबलाइटचा किंवा मेनच्या वायरचा त्रास दोन्ही तारांवर सारखाच चढतो. मिक्सर २ आणि ३ मधला फरक तेवढा घेतो, त्यामुळे सारखा चढलेला त्रास वजा होतो आणि तुमचा आवाज उरतो. यालाच बॅलन्स्ड जोडणी म्हणतात. अशी वायर स्टेजपासून हॉलच्या मागच्या टोकापर्यंत बिनधास्त न्या. दोन भागांची (एकच काळी पट्टी असलेली) साधी पी-३८ किंवा आरसीए (टीव्ही-डीव्हीडीची छोटी पिन) मात्र पाच-सहा मीटरच्या पुढे नेऊ नका.

तीन भागांच्या (दोन काळ्या पट्ट्यांच्या) पी-३८वरही बॅलन्स्ड सिग्नल जातो. पण तीच पिन स्टिरिओसाठीही वापरतात, आणि त्यातून होणारी गंमत प्रश्न ९ मध्ये आहे.

४. गेनने आवाज वाढतो, फेडरने वाढतो, मास्टरनेही वाढतो. मग किती कुठे ठेवायचं?

फेडर आणि मास्टर शून्यावर ठेवा. शून्य म्हणजे तळ नव्हे. पट्टीवर वरून थोडं खाली जिथे ० लिहिलेलं असतं तिथे. मग गायकाला कार्यक्रमात गाणार तेवढ्या जोरात गायला सांगा. ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ उपयोगाचं नाही, पहिल्या अभंगालाच बुवा त्याच्या तिप्पट चढतात. चॅनलचं सोलो किंवा पीएफएल बटण (फक्त त्या चॅनलची पातळी दाखवणारं) दाबून मीटर बघा आणि तो शून्याच्या आसपास खेळेल, मोठ्या स्वराला थोडा वर जाईल, पण लाल दिवा लागणार नाही एवढाच गेन द्या. हॉलमध्ये आवाज कमी वाटला तर अ‍ॅम्पची किंवा पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प असलेल्या) बॉक्सची बटणं वाढवा.

उलट क्रमाने केलं, म्हणजे गेन कमी ठेवून अ‍ॅम्प पूर्ण उघडला, तर हिस्स ऐकू येतो. गेन जास्त आणि मास्टर खाली असेल तर आवाज चॅनलमध्येच फाटतो आणि तो फाटलेला आवाज मास्टर कितीही कमी केला तरी फाटलेलाच बाहेर येतो. ‘बॉक्स फाटलाय’ म्हणून दुकानात आणलेले कितीतरी बॉक्स धडधाकट निघतात, त्याचं कारण हे.

५. +४८ व्होल्टचं बटण चुकून दाबलं गेलं. माइक जळाला असेल का?

हे बटण माइकच्या वायरमधूनच माइकला वीज पुरवतं. साधा डायनॅमिक (आत कॉइल असलेला) माइक बॅलन्स्ड एक्सएलआर वायरने जोडलेला असेल तर त्याला काही होत नाही. २ आणि ३ या दोन्ही पिनांवर सारखाच दाब असल्यामुळे कॉइलमधून करंट वाहत नाही. कंडेन्सर माइक आणि अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (प्रश्न १०) यांना तर हे बटण बहुधा लागतंच. ते दाबलं नाही म्हणून ‘नवीन माइक बंद आहे’ असे फोन येतात.

जपायचं ते रिबन माइकला (भजनाच्या साऊंडमध्ये तो सहसा नसतो), आणि एक्सएलआरवरून थेट मिक्सरला लावलेल्या मोबाइल-लॅपटॉपच्या आउटपुटला. आणखी एक: बटण दाबताना चॅनल म्यूट करा, नाहीतर बॉक्समधून ‘ठप्प’ असा मोठा आवाज येतो.

६. पॉवर्ड बॉक्सच्या मागे माइक/लाइन स्विच आणि ‘लिंक’ लिहिलेलं टोक असतं. ते कशाला?

मिक्सरमधून येत असाल तर स्विच लाइनवर. माइक थेट बॉक्सला लावत असाल तरच माइकवर. मिक्सर लावून स्विच माइकवर राहिला की मास्टर जरा हलवला तरी बॉक्स किंचाळतो.

लिंकमधून आलेला लाइन सिग्नल तसाच पुढे जातो, अ‍ॅम्पने वाढवलेला नाही. म्हणून तो फक्त दुसऱ्या पॉवर्ड बॉक्सच्या इनपुटला द्यायचा, साध्या बॉक्सला देऊन काही वाजणार नाही. काही मॉडेलमध्ये तिथे ‘मिक्स आउट’ असतं; त्यात त्या बॉक्सला थेट लावलेला माइकही पुढे जातो.

७. अ‍ॅम्पवर ‘कमीत कमी ४ ओहम’ लिहिलंय, आमचे बॉक्स ८चे आहेत. किती जोडू?

एका चॅनलला दोन. समांतर जोडले की ८चे दोन मिळून ४ होतात, तीन मिळून साधारण २.७, चार मिळून २. ओहम कमी म्हणजे अ‍ॅम्पकडून जास्त करंट. बॉक्सच्या मागच्या स्पीकॉनवरून (फिरवून बसवायच्या टोकावरून) पुढच्या बॉक्सला वायर नेली तरी ते समांतरच असतं. वायर एकामागून एक दिसते म्हणून फसू नका.

ब्रिज मोडला, म्हणजे दोन चॅनल मिळून एकच भार चालवतात तेव्हा, हिशेब बदलतो. चॅनलला ४ ओहम चालणारा अ‍ॅम्प ब्रिजमध्ये ८च्या खाली चालवू नये.

८. अहुजासारख्या अ‍ॅम्पला ४, ८, १६ ओहमबरोबर ७० आणि १०० व्होल्टची टोकंही असतात. भोंगा काढून तिथे बॉक्स लावला तर?

लावू नका. १०० व्होल्टच्या टोकाला भोंग्यांची लांब लाइन असते आणि प्रत्येक भोंग्याला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो. व्होल्टेज जास्त ठेवलं की करंट कमी लागतो, म्हणून पातळ वायरने अर्धं गाव जोडता येतं. १०० वॉटचा अ‍ॅम्प त्या टोकावर १०० ओहमचा भार अपेक्षित धरतो. तुम्ही ८ ओहमचा बॉक्स लावला तर अ‍ॅम्पवर बारापट भार पडतो. एकतर फ्यूज जाईल, नाहीतर आउटपुटचे ट्रान्झिस्टर.

या लाइनवर ओहमचा हिशेब करायचाच नाही, फक्त वॉट मोजायचे. १०० वॉटच्या अ‍ॅम्पवर प्रत्येकी २० वॉटच्या टॅपचे (ट्रान्सफॉर्मरवर निवडलेल्या वॉटच्या टोकाचे) चार भोंगे म्हणजे ८० वॉट, ठीक. बॉक्स लावायचाच असेल तर ८ ओहमच्या टोकाला लावा आणि त्या वेळी भोंग्याची लाइन काढून ठेवा. ट्रान्सफॉर्मर नसलेलं भोंग्याचं युनिट १०० व्होल्टवर लावणं हाही तितकाच महागात जाणारा प्रकार.

९. मोबाइलवर गाणं लावलं तर वाद्यं वाजतात, पण गायकाचा आवाज गायब! फोन खराब आहे का?

हा आमचा आवडता प्रश्न, कारण विचारणाऱ्याला वाटतं काहीतरी भूतबाधा आहे. फोन चांगला आहे. तुम्ही एका टोकाला ईपी (हेडफोनची बारीक ३.५ मिमीची पिन) आणि दुसऱ्या टोकाला तीन भागांची पी-३८ किंवा एक्सएलआर असलेली वायर मिक्सरच्या एकाच चॅनलला लावली आहे.

फोनमधून डावा आणि उजवा असे दोन आवाज येतात. मिक्सरला वाटतं हा बॅलन्स्ड सिग्नल आहे, म्हणून प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे तो एकातून दुसरा वजा करतो. गाण्यात गायकाचा आवाज बहुतेकदा मधोमध, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा ठेवलेला असतो. सारखं ते सगळं वजा होऊन जातं. कडेची वाद्यं आणि गुंजन तेवढं उरतं. फुकटात कराओके!

उपाय: एका ईपीतून दोन साध्या पी-३८ निघणारी वायर घ्या आणि ती दोन चॅनलना किंवा मिक्सरच्या स्टिरिओ चॅनलला लावा. डावी-उजवी तार नुसती एकत्र डाग देऊन काम भागवू नका, कारण फोनची दोन आउटपुटं एकमेकांवर भार टाकतात (प्रश्न १४). फोनचा आवाज पूर्णच्या थोडा खाली ठेवा, आणि फोन विमान मोडवर टाकायला विसरू नका. आरतीच्या मध्ये रिंगटोन सगळ्या सोसायटीने ऐकलेली आहे.

१०. हार्मोनियम, तबला, तानपुरा मशीन, कीबोर्ड: कुठलं कशाला लावायचं?

हार्मोनियम आणि तबल्याला माइक. तबल्याला एकच माइक असेल तर तो दोन्हींच्या मधोमध, डग्ग्याकडे किंचित झुकलेला ठेवा. हार्मोनियमचा माइक भात्याच्या झडपांसमोर नको, वारा घुसतो. वरच्या बाजूने पट्ट्यांच्या दिशेने बघू द्या.

तानपुरा मशीन आणि कीबोर्ड लाइन पातळीवर असतात. मिक्सर शेजारीच असेल तर थेट लाइन इनपुटला. मिक्सर लांब असेल तर मधे डीआय बॉक्स घ्या. तो पी-३८वरचा सिग्नल बॅलन्स्ड करून माइकच्या पातळीवर आणतो, म्हणजे बाकीच्या माइकांबरोबर लांब वायरने नेता येतो. पॅसिव्ह डीआयला वीज लागत नाही, आत ट्रान्सफॉर्मर असतो. अ‍ॅक्टिव्हला +४८ किंवा बॅटरी लागते. पिकअप लावलेल्या गिटार-व्हायोलिनला अ‍ॅक्टिव्हच बरा पडतो. थेट लाइनला लावलं तर त्यांचा आवाज पिचका येतो.

११. गायक म्हणतात ‘मला माझंच ऐकू येत नाही’, आणि मॉनिटर वाढवला की हॉलचाही आवाज बदलतो.

मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला बॉक्स) मास्टरमधून काढू नका, ऑक्सवरून (मिक्सरमधून वेगळं मिश्रण बाहेर काढायच्या वाटेवरून) काढा आणि ते ऑक्स ‘प्री’ ठेवा. प्री म्हणजे फेडरच्या आधी. तुम्ही हॉलसाठी फेडर खालीवर केला तरी गायकाचा मॉनिटर हलत नाही. इकोसाठीचं ऑक्स मात्र ‘पोस्ट’ हवं, नाहीतर माइकचा फेडर बंद केला तरी मागे भुतासारखा इको वाजत राहतो.

१२. शिट्टी कशी थांबवायची?

बॉक्सचा आवाज माइकमध्ये परत शिरतो आणि गोल फिरत वाढतो, ती शिट्टी. बॉक्स माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला ठेवा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक पाठीमागून सर्वांत बहिरा असतो, म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या शेपटाच्या दिशेला हवा. सुपरकार्डिऑइड मागून थोडं ऐकतो, त्याला मॉनिटर जरा तिरका बाजूला ठेवावा. माइकची जाळी मुठीत धरायची सवय गायकांनी सोडावी. त्याने माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो.

आणि उघडे माइक कमी करा. त्यांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची जागा सुमारे ३ डेसिबलने घटते. टाळकऱ्यांना सहा माइक देणाऱ्या मंडळांना हे पटत नाही, पण टाळांना माइक लागतच नाही हो.

१३. सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. कुणी सांगितलं की प्लगची अर्थची पिन काढा, जाईल.

जाईल, आणि एखाद्या दिवशी माणूसही जाईल. अर्थची पिन कधीही काढू नका.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झची असते. तिचं नेहमीचं कारण म्हणजे मिक्सर हॉलच्या मागच्या सॉकेटवर आणि कीबोर्ड किंवा लॅपटॉप स्टेजच्या सॉकेटवर. दोघांचे अर्थ वेगळ्या वाटेने जातात, त्यात थोडा फरक असतो, आणि सिग्नलची जाळी ते दोन अर्थ जोडते. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर चोर सापडला. मग स्टेज आणि मिक्सर दोन्हींना एकाच ठिकाणाहून वीज द्या, किंवा त्या वाद्याला डीआय लावून त्यावरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ दाबा. हे बटण सिग्नलची जाळी तोडतं, विजेचा अर्थ तसाच राहतो, म्हणून ते सुरक्षित आहे. गुणगुणीऐवजी खरखरीत ‘झर्र’ असेल आणि लाइट मंद केल्यावर बदलत असेल, तर डिमरच्या वायरी माइकच्या वायरींना चिकटून गेल्या आहेत. दूर करा, ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडा.

माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर ‘जरा लांबून गा’ हा उपाय नाही. कार्यक्रम थांबवा, वीज बंद करा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे का, हे माइक लावायच्या आधी विचारायचं.

१४. एका टोकातून दोन वायर काढणारी वाय केबल कुठे चालते?

एक आउटपुट दोन इनपुटांना द्यायला चालते. दोन आउटपुटं एका इनपुटला जोडायला चालत नाही, ती एकमेकांशी भांडतात. तिथे मिक्सरच लागतो.

१५. आधी काय चालू करायचं?

मिक्सर आणि वाद्यं आधी, अ‍ॅम्प किंवा पॉवर्ड बॉक्स सगळ्यांत शेवटी. बंद करताना उलट.

१६. यूट्यूबवर थेट दाखवायचं आहे. मिक्सरमधून फोनला वायर दिली तर आवाज फाटतो.

फोनच्या चार भागांच्या ईपीवर डावा, उजवा, ग्राउंड आणि शेवटच्या भागावर माइक असतो, आणि तो माइक पातळीचा. तुम्ही तिथे लाइन ओतता आहात (प्रश्न २). मधे पातळी उतरवणारी वायर किंवा छोटा ऑडिओ इंटरफेस घ्या.

तो सुटला तरी पुढची तक्रार ठरलेली: घरी बघणाऱ्यांना फक्त बुवांचा आवाज येतो, पखवाज नाहीच. छोट्या हॉलमध्ये पखवाज थेट ऐकू येतो, म्हणून तुम्ही मिक्सरवर तो नावापुरता ठेवलेला असतो. मास्टरमध्ये जे नाही ते फोनला कुठून जाणार? प्रक्षेपणासाठी वेगळं ऑक्स ठेवा, त्यात पखवाज वाढवा, आणि श्रोत्यांकडे तोंड केलेला एक माइक फक्त त्या ऑक्समध्ये घ्या. टाळ्या आणि गजर त्यातून येतील.

१७. पटांगण लांब आहे म्हणून मधे आणखी दोन बॉक्स लावले, तर मागे शब्द दुहेरी ऐकू येतात.

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, वायरमधला सिग्नल जवळपास तत्काळ पोचतो. ३० मीटर लांबचा बॉक्स स्टेजच्या आवाजाआधी सुमारे ८७ मिलिसेकंद बोलून मोकळा होतो. त्या बॉक्सांना वेगळं आउटपुट द्या आणि त्यावर तेवढा डिले लावा, वर आणखी दहा-एक मिलिसेकंद, म्हणजे आवाज स्टेजकडूनच आल्यासारखा वाटतो. तुमच्या मिक्सरच्या आउटपुटवर डिले नसेल तर मधल्या बॉक्सांचा नाद सोडा आणि पुढचे बॉक्स उंच करा. चॅनलमधला इको म्हणजे हा डिले नव्हे.

१८. डिजिटल मिक्सर घेतला. वायर बरोबर, माइक बरोबर, गेन आहे, तरी पाचव्या चॅनलमध्ये काहीच नाही.

अ‍ॅनालॉग मिक्सरला पाचव्या टोकाला लावलेलं पाचव्या फेडरवरच येतं. डिजिटलमध्ये कुठलं टोक कुठल्या चॅनलला हे सॉफ्टवेअर ठरवतं, आणि मागच्या कार्यक्रमाचा सीन (जतन केलेली मांडणी) उघडा राहिला असेल तर पाचव्या चॅनलला कदाचित यूएसबी जोडलेलं असेल. आधी चॅनलचा स्रोत बघा. मग इनपुटचा मीटर. तो हलत असेल तर म्यूट ग्रुप आणि डीसीए (अनेक चॅनल एकदम बंद किंवा कमीजास्त करणारी बटणं) बघा. चॅनलचं स्वतःचं म्यूट बंद दिसलं तरी ग्रुपने तो गप्प केलेला असू शकतो. त्यानंतर तो चॅनल मास्टरला पाठवलेला आहे का.

स्टेज बॉक्स (स्टेजवर माइकच्या वायरी लावायची पेटी) असेल तर आणखी एक जागा वाढते. बेहरिंगर एक्स३२सारख्या मिक्सरचा एईएस५० हा दुवा नेटवर्कच्या वायरवर चालतो, पण तो नेटवर्क नाही. वायर मिक्सरपासून स्टेज बॉक्सला थेटच हवी, मधे घरचा नेटवर्क स्विच टाकला तर काहीही पोचत नाही. वायरही जाळीची घ्या. टॅब्लेटवरून मिक्सर चालवत असाल तर मिक्सरला अंगचं वायफाय असलं तरी त्यावर विसंबू नका. मांडव भरला की शेकडो फोन त्याच २.४ गिगाहर्ट्झमध्ये गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झचा वेगळा राउटर लावा, आणि तोही बंद पडला तर मास्टर कुठून कमी करायचा हे कार्यक्रमाआधी एकदा करून बघा.